राजाची एक उडी

प्रत्येक खेळात एक तरी नियम असा असतो, जो कोणालाच आवडत नाही आणि तरीही सगळे पाळतात. लुडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. बाकीच्यांच्या सोंगट्या अर्धा पट फिरून येतात आणि आपण हातात फासा घेऊन बसलेलो. सापशिडीत 98 वर पोचलात तर नेमके दोनच हवेत, तीन पडले तर चाल फुकट! "हा नियम केला कोणी?" असं लहानपणी प्रत्येकाने विचारलेलं असतं. घरच्यांचं उत्तरही ठरलेलं: "असंच असते. खेळायचं असंन तं खेळ."

मला मात्र हा प्रश्न फार आवडतो. हा नियम केला कोणी, आणि कशासाठी?

हे सगळं डोक्यात यायला निमित्त झालं माझ्या भाचीचं. ती पुण्याला असते आणि तिच्या मित्रमंडळींचा दर शनिवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव असतो. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार, त्याला डंजन मास्टर म्हणायचं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, "समोर गुहा आहे, आतून कसलासा आवाज येतोय." मग तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. म्हणजे अर्धं नाटक, अर्धा सोंगट्यांचा खेळ. एकच गोष्ट वर्षानुवर्षं चालू राहू शकते. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 1974 मध्ये तो प्रसिद्ध केला. लढायांच्या खेळांच्या नादातून निघालेला हा खेळ, पण पुढे त्याने एक नवीन प्रकारच जन्माला घातला.

तर भाचीच्या गटाने गंमत म्हणून 1978 सालच्या जुन्या आवृत्तीचे नियम मिळवले आणि त्यावर खेळायचं ठरवलं. दोन शनिवार झाले आणि तिचा फोन आला. "मामा, कसले नियम आहेत रे हे! प्रत्येक वस्तूचं वजन लिहायचं. दोरी किती, कंदील किती, तलवार किती. आणि वजन मोजायचं कशात, तर सोन्याच्या नाण्यांत! दहा नाणी म्हणजे एक पौंड. आम्ही गोष्ट सांगायला बसतो की किराणा मोजायला?"

या ओझ्याच्या नियमाला जगभरचे खेळाडू नावं ठेवतात. बहुतेक टेबलांवर तो पुस्तकात राहतो, खेळात येत नाही. पण मला त्या नाण्यांचं कुतूहल वाटलं. वजन नाण्यांतच का मोजलं असेल?

उत्तर त्याच नियमांत होतं, दुसऱ्या पानावर. त्या काळच्या खेळात पात्राचा अनुभव वाढायचा तो मुख्यतः राक्षस मारून नव्हे, तर खजिना बाहेर आणून. एक सोन्याचं नाणं सुखरूप बाहेर आणलं की एक गुण. राक्षस मारण्याचे गुण त्या मानाने फार थोडे. म्हणजे खेळाचा गाभाच हा होता की अंधाऱ्या गुहेतून किती ओझं घेऊन जिवंत बाहेर पडता येतं. जास्त उचलाल तर पावलं मंदावतील, मागून येणारा गाठेल. कमी उचलाल तर एवढा जीव धोक्यात घालून मिळवलं काय? दोरी घ्यायची की अजून पन्नास नाणी, हाच तर पेच. ओझं नाण्यांत मोजणं हा त्या पेचाचा हिशोब होता.

मग 1989 मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि खजिन्याबद्दल गुण देणं ऐच्छिक झालं. लोकांना लुटीपेक्षा पराक्रमाच्या गोष्टी हव्या होत्या. ठीकच आहे. पण खजिन्याचे गुण गेले तरी ओझ्याचे तक्ते मागे राहिले. कशासाठी मोजायचं तेच गेलं, मोजणं तेवढं उरलं. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तो हिशोब अगदी सोपा केला: ताकदीच्या आकड्याला 15 ने गुणा, तेवढे पौंड उचला, संपलं. तेही बहुतेक जण मोजत नाहीत म्हणे.

भाचीची दुसरी तक्रार होती वंशाच्या मर्यादेची. या खेळात माणसांखेरीज एल्फ, बुटके वगैरे पात्रंही घेता येतात. 1974 च्या नियमांत बुटका योद्धा सहाव्या पातळीपर्यंतच चढू शकायचा, हॉबिट तर चौथ्या. माणसाला मात्र मर्यादाच नाही! "हा सरळ सरळ अन्याय आहे," भाची म्हणाली. आहेच. पण त्यामागेही एक प्रश्न होता. एल्फ शेकडो वर्षं जगतात, अंधारात बघतात, तलवार आणि जादू दोन्ही चालवतात. मग त्या जगात राज्यं माणसांची का? आणि कोणी साधा माणूस का निवडेल? गायगॅक्सला माणसांचं जग हवं होतं, म्हणून त्याने बाकीच्यांच्या डोक्यावर छत घातलं. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत ते छत काढलं, आणि माणसांना सुरुवातीलाच एक जादा कौशल्य दिलं. प्रश्न तोच, उत्तर नवीन. दुसऱ्याचे पाय बांधण्याऐवजी आपल्या हातात काहीतरी द्यायचं. हे मला फार शहाणपणाचं वाटलं.

हे ऐकता ऐकता मला आमच्या कारध्याचं बुद्धिबळ आठवलं.

कारधा म्हणजे वैनगंगेच्या काठचं गाव. नदीच्या पलीकडे भंडारा शहर, अलीकडे आम्ही. मी बुद्धिबळ शिकलो ते आबाजींकडून, म्हणजे आजोबांकडून, आणि शिकलो ते देशी. शाळेत गेल्यावर कळलं की जगात दुसरंच बुद्धिबळ चालतं. आमच्या नियमांवर वर्गातली पोरं हसायची. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला आख्ख्या डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. "राजाले येकच उडी. तेही शह नाही बसला तं," असं आबाजी दर डावाला बजावायचे, जणू काही आम्हाला ठाऊकच नाही. राजासमोर राजा नसायचा, राजासमोर वजीर असायचा. आणि सगळ्यात तापदायक नियम प्याद्याच्या बढतीचा. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की हवा तो मोहरा मिळायचा नाही. ज्या घरात पोचलं त्या घरचाच मोहरा. उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा. तोही तुमचा तो मोहरा आधी मेलेला असला तरच! म्हणजे एका बाजूला दोन वजीर, हा प्रकारच नाही.

गावोगाव यात थोडाफार फरक असायचा. काही ठिकाणी घोडा झालेल्या प्याद्याला लगेच एक चाल जादा मिळायची. काही ठिकाणी खेळ फार रेंगाळतो म्हणून दोघंही सुरुवातीच्या काही चाली एकदमच करून घ्यायचे. इंग्रज अभ्यासक एच. जे. आर. मरे यांनी 1913 मध्ये बुद्धिबळाचा जो मोठा इतिहास लिहिला, त्यात हिंदुस्थानातल्या खेळाच्या अशा वेगवेगळ्या पद्धती नोंदवल्या आहेत.

आता हे नियम नावडते का झाले आणि ते मुळात होते कशासाठी, ते एकेक करून पाहू.

एका घराचं प्यादं संथ चालतं. सैन्यं लवकर भिडत नाहीत. त्यामुळे पहिल्या दहा-पंधरा चाली लढाईच्या नसून मांडणीच्या असतात. ज्याला झटपट खेळायचं त्याला कंटाळा, ज्याला बसून किल्ला रचायचा त्याला मजा. पण सैन्य संथ असलं तर राजा मध्येच अडकून पडणार. म्हणून त्याला एक उडी. गंमत म्हणजे युरोपातही मध्ययुगात राजाला अशी एक उडी होती, आणि तिच्यातूनच पुढे किल्लेकोट तयार झाला. म्हणजे आमची उडी आणि त्यांचा किल्लेकोट ही चुलत भावंडं. पोरं हसायची ती आपल्याच पणजोबांच्या पागोट्याला!

बढतीचा नियमही असाच. त्यामागचा विचार असा की प्यादं शेवटपर्यंत गेलं म्हणून आकाशातून नवीन वजीर पडत नाही. पडलेल्या सरदाराची जागा शिपाई घेतो. युद्धाच्या गोष्टीशी हे जुळतं. मग डावात कोणत्या पट्टीवरून प्यादं न्यायचं याला महत्त्व येतं.

आणि एक होतं प्यादेमात. देशी खेळात नुसतं जिंकणं पुरेसं नव्हतं, कसं जिंकलात याला मोल होतं. समोरच्याचे सगळे मोहरे मारून राजा एकटा उरवला, तर त्याला बुर्जी म्हणायचे, आणि तो काही पूर्ण विजय नव्हे. मोहऱ्याने मात केली तर चांगलं. पण प्याद्याने मात केली तर काय विचारता! त्यासाठी चांगला खेळाडू समोरच्याचं शेवटचं मोहरं मुद्दाम मारायचा नाही. मारलं तर बुर्जी व्हायची ना! मग ते मोहरं सांभाळत, टाळत, प्यादं एकेक घर पुढे सरकवत न्यायचं. हरणाऱ्यालाही शेवटपर्यंत काम असायचं. मला आबाजींनी कितीदा हरवलं याची मोजदाद नाही, पण प्यादेमात किती वेळा केली ते आम्हा दोघांनाही पाठ होतं.

बाहेरून आलेल्या खेळाचे नियम तरी कुठे दगडावर कोरलेले होते? युरोपात जुना वजीर तिरका एकच घर चालायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीला तिथे त्याची राणी झाली आणि ती पटभर धावायला लागली. जुन्या लोकांना हे इतकं अघोरी वाटलं की या खेळाला 'पिसाळलेल्या राणीचं बुद्धिबळ' असं नाव पडलं! इंग्लंडमध्ये दीडदोनशे वर्षं असा नियम होता की शह नसताना समोरच्याला चालच उरली नाही, तर अशी कोंडी करणाराच हरला. तो बदलून बरोबरी धरायला लागले ते 1808 च्या सुमारास. आणि इटलीत तर 'जाता जाता प्यादं मारणं' हा नियम 1880 च्या आसपासपर्यंत पाळतच नव्हते. सगळा युरोप एकीकडे आणि इटलीची पोरं आपल्या गल्लीत आपल्या नियमाने खेळतायत. कारध्याशी किती जुळतं हे!

मग आपले नियम गेले कसे? कोणी बंदी घातली नाही. कोणी ते वाईट आहेत असं सिद्धही केलं नाही. फक्त, लोकांना गावाबाहेरच्यांशी खेळायचं होतं. मुंबईत 1814 मध्येच तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत निघालं, तेही युरोपी नियमांना जुळवून घेतलेलं. म्हणजे ही ओढ किती जुनी आहे बघा. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं. अखिल भारतीय संघटना 1951 मध्ये आली, आणि 1955 च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत, एलुरूला, आपले रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. 1961 मध्ये मॅन्युएल एरन भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. तरीही साठच्या दशकापर्यंत देशात घरोघरी देशी नियमच जास्त चालत. स्पर्धा वाढल्या तसे ते मागे पडले. स्पर्धा म्हटली की एक नियम हवा. गायगॅक्सनेही सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जाडजूड नियमपुस्तकं काढली, त्यामागे हेच एक कारण होतं, की वेगवेगळ्या गावांतली मंडळी स्पर्धेला एकत्र आली तर सगळ्यांचा खेळ एकच असावा.

या बदलाची किंमत कोणी भरली, तेही सांगायला हवं. सुलतान खान. जन्म 1903, पंजाबातल्या मिठा टिवाण्याचा. लहानपणापासून देशी नियमांवर वाढलेला. 1928 मध्ये अखिल भारतीय विजेता झाला, पुढच्या वर्षी मालकांबरोबर, म्हणजे सर उमर हयात खान यांच्याबरोबर इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता! नंतर 1932 आणि 1933 लाही. हेस्टिंग्जच्या 1930-31 च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवलं. पण डावाची सुरुवात हे त्याचं कायम दुखणं राहिलं, कारण तिथले लोक प्यादं दोन घरं टाकत वाढले होते आणि हा एक. डावाच्या शेवटी मात्र, जिथे सबुरी लागते, तिथे तो भल्याभल्यांना ऐकायचा नाही. मानद ग्रँडमास्टर हा किताब त्याला जागतिक संघटनेने दिला तो 2024 मध्ये. तो गेला 1966 ला.

आणि उलट बाजूचं उदाहरण म्हणजे बंगालचे महेशचंद्र बॅनर्जी. 1848 च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाच्या स्कॉटिश खेळाडूशी त्यांचे डाव सुरू झाले. प्यादं एकेक घर हलवून, उंट कोपऱ्यात बसवून खेळायची त्यांची पद्धत. युरोपातल्या जाणकारांना ती विचित्र वाटायची. विसाव्या शतकात मात्र मोठमोठे खेळाडू तसंच खेळायला लागले, आणि आज जगभर त्या सुरुवातींना 'किंग्ज इंडियन', 'निम्झो इंडियन' अशी नावं आहेत. ज्या नियमाला आमच्या वर्गात हसले, त्या नियमाने लावलेली सवय अशी जगाच्या पुस्तकात जाऊन बसली.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सगळे जुने नियम चांगलेच की! नाही हो. ही गोष्ट आता येते.

भाचीने जुन्या नियमांत आणखी एक तक्ता दाखवला. 1978 च्या पुस्तकात स्त्री पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा खालची मर्यादा होती. ज्या जगात अग्नी ओकणारे ड्रॅगन उडतात, मेलेला माणूस मंत्राने उठतो, तिथे बाईचं मनगट मात्र वास्तववादी हवं! या नियमामागचा प्रश्न शोधायला गेलो तर खेळातला एकही प्रश्न सापडत नाही. तो काढून टाकला तर खेळात काय बिघडतं? काहीच नाही. 1989 मध्ये काढला आणि खरंच काही बिघडलं नाही. मर्यादा होती ती ज्यांनी तक्ता केला त्यांच्या सवयीची.

आता आपल्याकडे या. 1976 साल. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तिन्ही मुली, जयश्री, वासंती आणि रोहिणी, बुद्धिबळ खेळायच्या. वासंती 1974 च्या पहिल्या महिला राष्ट्रीय स्पर्धेची विजेती. सगळ्यात धाकटी रोहिणी तेरा वर्षांची असताना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ झाला. मुलगी पुरुषांत कशी? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल रोहिणीच्या बाजूने लागला. तेव्हाचे जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना अडवता येणार नाही. रोहिणी 1981 मध्ये आशियाई महिला विजेती झाली.

पट चौसष्ट घरांचाच, मोहरे बत्तीसच. मुलगी समोर बसल्याने घोड्याची अडीच घरं काही पावणेदोन होत नाहीत. मग तो अडसर कोणत्या प्रश्नाचं उत्तर होता? ज्यांनी धरून ठेवला त्यांनाही सांगता आलं नसतं. "असंच असते" एवढंच.

2025 च्या जुलैत, आमच्यापासून साठेक किलोमीटरवरच्या नागपूरची दिव्या देशमुख बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी. त्या दिवशी गावात जिथे तिथे मोबाईलवर तेच. ज्यांना उंट तिरका चालतो एवढंही ठाऊक नाही तेही खूश. मला मात्र 1976 च्या त्या तेरा वर्षांच्या पोरीची आठवण येत होती. तो एक निरर्थक नियम तेव्हा मोडला नसता, तर ही वाट किती लांबली असती?

तर आता नावडता नियम दिसला की मी आधी विचारतो, हा कोणत्या प्रश्नाचं उत्तर होता? प्रश्न अजून जिवंत असेल, तर नियम फेकण्याआधी दुसरं उत्तर शोधायला हवं. माणसाला जादा कौशल्य दिलं तसं. प्रश्न मेला असेल, तर ओझ्याच्या तक्त्यासारखा तो आपोआपच गळून पडतो, त्यावर रागावण्यात अर्थ नाही. आणि प्रश्न कधी नव्हताच, नुसती सवय होती, असं दिसलं तर मात्र गळून पडायची वाट पाहू नये. अशा नियमाला न्यायालयात खेचावं लागलं तरी खेचावं. हे फक्त पटावरच्या खेळांबद्दल बोलतोय असं समजू नका. लग्नाच्या पंगतीपासून ग्रामसभेपर्यंत कुठेही लावून पाहा.

आणि हो, कंटाळा आणि अन्याय यांची गल्लत करू नये. प्याद्याचं एक घर हा कंटाळा होता. मुलीला दारात अडवणं हा अन्याय. आपण मात्र बऱ्याचदा कंटाळ्याविरुद्ध बंड करतो आणि अन्याय "असंच असते" म्हणून पाळत बसतो.

देशी नियम परत यावेत असं मला वाटत नाही. यायचेही नाहीत. पण भाचीच्या गटाला मी एक सुचवून ठेवलं आहे. पुढच्या डावात खजिन्याचे गुण परत सुरू करा, आणि मग ओझं मोजून बघा. त्यांनी एक शनिवार करून पाहिलं. गुहेच्या तोंडाशी त्यांचा अर्धा तास भांडण्यात गेला म्हणे, सोन्याचा देव्हारा न्यायचा की जखमी सोबत्याला उचलायचं यावर. दोन्ही उचलणं वजनात बसत नव्हतं. शेवटी देव्हारा तिथेच ठेवला. "मामा, वाईट वाटलं रे," ती म्हणाली, "पण असला डाव आधी झाला नव्हता."

तुमच्या घरी, तुमच्या गावी असे कोणते नियम होते? सारीपाटाचे, पत्त्यांचे, गोट्यांचे... पोरांनी मोडलेले, म्हाताऱ्यांनी जपलेले. आठवत असतील तर लिहून ठेवा. सांगणारी माणसं आता फार उरली नाहीत.